एकतीस पेट्यांची गुप्तलिपी

माझ्या गुप्तलिपीत दोष नव्हता, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पुढची हकिगत वाचताना तुम्हाला अधूनमधून तशी शंका येईल. आमच्या गल्लीला आली, शाळेच्या मुख्याध्यापकांना आली, आणि माझ्या बायकोला तर लग्नाच्या दिवसापासून माझ्या एकूणच उद्योगांबद्दल येत आली आहे. पण मी गणिताचा मास्तर आहे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात सोळा वर्षं पोरांना वर्गसमीकरणं शिकवतो आहे. चूक कुठे असते आणि कुठे नसते, एवढं मला कळतं.

शहाऐंशी सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. माझी धाकटी बहीण छाया तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. मुलींच्या शाळेत शिकवायची. तिची दोन स्थळं हातची गेली होती आणि दोन्हींना कारण आमची गल्ली. पहिलं स्थळ बैतूलचं. पाहुणे येणार हे कळताच शेजारच्या पंचफुलाबाई त्यांना उतरवून घ्यायला आपण होऊन बसस्टँडवर गेल्या. वाटेत त्यांनी निव्वळ प्रेमापोटी सांगितलं की पोरगी सोन्यासारखी आहे, फक्त हसली की तिसऱ्या घरी ऐकू जातं, आणि टायफॉइडमध्ये गेलेले केस आता बरेचसे परत आले आहेत. पाहुणे चहा घेऊन गेले ते गेलेच. दुसऱ्या स्थळाच्या वेळी मुलगा कसा आहे ते बघायला गल्लीतली तेवीस माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसली. मुलाला वाटलं, ही सगळी आमच्या घरचीच. एवढ्या मोठ्या खटल्यातली मुलगी आपल्याला झेपायची नाही, असं त्याने कळवलं.

त्यानंतर छायाचं हसणं तिसऱ्या घरी ऐकू जायचं बंद झालं. पहिल्या घरीसुद्धा, म्हणजे आमच्याच घरी, ऐकू येईना. मला ते फार लागलं. आई-वडील गेल्यावर तिला मीच वाढवली आहे.

अशात एके सकाळी टपालवाला भिवाजी गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवून ओरडला, "मास्तर, खुशखबर हाये जी! सौसरहून तुमच्या साळ्याचं कार्ड आलं. पोरगा ओव्हरसियर हाये, पानीपुरवठ्यात. बाप बोरगावचा, संत्र्याचा बगीचा हाये. पत्रिका मांगून राहिले!"

हे सगळं मला कार्ड हातात पडण्याच्या आधी कळलं. माझ्याबरोबर अकरा घरांना कळलं. भिवाजी वाईट माणूस नव्हे. वीस वर्षं तो अर्ध्या गावाला पत्रं वाचून दाखवत आला होता, कारण अर्ध्या गावाला वाचता येत नव्हतं. उरलेल्या अर्ध्याला का वगळायचं, असा त्याचा साधा हिशेब. दहा मिनिटांत पंचफुलाबाई दारात हजर.

"मी कोनाले सांगत नाई बाप्पा," त्या म्हणाल्या, "पन ओव्हरसियर म्हंजे टाकीवर चढा लागत असन त्याले. चढताना पाय घसरला मंग?"

आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीकाठी दगड फेकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस सल्ले फेकतात, हे बाहेर फारसं माहीत नाही.

मी ठरवलं, स्थळ आलं हे कळलं ते कळलं, पण या तिसऱ्या स्थळाचं पुढचं सगळं गुप्त ठेवायचं. पत्रिका पाठवण्यापासून पाहण्याच्या कार्यक्रमापर्यंत गल्लीला पत्ता लागू द्यायचा नाही. पण कसं? पाकिटातून पत्र पाठवावं तर पाकीट म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे याची जाहिरातच. मागे एकदा विम्याचं पाकीट आलं तेव्हा आमच्याकडे दोन जण समाचाराला येऊन गेले होते. ट्रंककॉल करावा तर सौसरची लाइन अशी, की इथून ओरडलेलं सौसरला पोचण्याआधी बाजारात पोचायचं. समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर दिलीप म्हणाला, "आमच्या डॉक्टरसारखं लिहा, मास्तर. सवताले बी वाचता येत नाई त्याईले." पंचफुलाबाईंनी कांद्याचा रस सुचवला. त्याने लिहिलं की दिसत नाही आणि कागद शेकला की उमटतं म्हणे. गल्लीपासून गुपित कसं राखावं, याबद्दल गल्लीतल्या प्रत्येकाने मला आपापलं मत दिलं.

मी शास्त्राकडे वळलो. नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर गुप्त लेखनावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मला मागेच मिळालं होतं. त्याला कव्हर नव्हतं आणि पहिली चौदा पानं नव्हती. मूलतत्त्वं पंधराव्या पानापासून सुरू होत असावीत असं मी गृहीत धरलं. चार संध्याकाळी मी ते वाचून काढलं. साधा मजकूर, गुप्त मजकूर आणि त्या दोन्हींमधलं कुलूप उघडणारी किल्ली, असा तो सगळा प्रकार. लेखकाचं एक वाक्य मी लाल शाईने वहीत उतरवलं: कुलूप कसं बनवलंय हे शत्रूला माहीत आहे असंच धरून चाला, सांभाळायची ती फक्त किल्ली. शत्रू म्हणून माझ्या डोळ्यांसमोर भिवाजीची सायकल आली.

पहिली पद्धत मी सोपी निवडली. कोणा रोमन सेनापतीची होती. प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवायचं. क च्या जागी ख, ख च्या जागी ग. काना-मात्रा तशाच. वाचणाऱ्याने एक घर मागे यायचं. फक्त ही पद्धत प्रभाकरला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला, समजावून सांगायला हवी होती, आणि पत्राने सांगावी तर भिवाजी वाचणार. म्हणून मी रविवारी बस पकडून सौसरला गेलो, त्याला दोन तास शिकवलं आणि संध्याकाळी परत आलो.

सरलाने, म्हणजे बायकोने, ताट वाढता वाढता विचारलं, "तुम्ही सौसरले गेल्ते. भाऊसमोर दोन घंटे बसल्ते. मंग जे काई बोलाचं होतं ते तोंडानंच काऊन नाई बोलून आले?"

या प्रश्नाने जगातले मोठमोठे गुप्तहेर हैराण झाले आहेत, असं पुस्तकात ब्याण्णवाव्या पानावर आहे. मी तिला तसं सांगितलं. तिने मला भाजी वाढली नाही.

चार दिवसांनी प्रभाकरचं पहिलं गुप्त कार्ड आलं. भिवाजीने ते दोन बोटांत लांब धरून आणलं. गल्लीत सायकल उभी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न ओरडता माझ्या हातात दिलं. मला विजयाचा आनंद झाला. तो दुपारपर्यंत टिकला. दुपारी पंचफुलाबाईंच्या दाराला लिंबू-मिरची लागलेली दिसली. मास्तरकडे सौसरहून मंत्र आला, अशी बातमी होती. शिवाय पंचफुलाबाईंची म्हैस नेमकी त्याच सकाळी आटली. दोन दिवस गल्लीतली पोरं माझी सावली चुकवून चालत होती. इतकी वर्षं ज्याने गावाला शुद्ध तर्क शिकवला, त्या माणसाच्या वाट्याला हे आलं.

दुसरं कार्ड आलंच नाही. पोस्टमास्तरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर ते कार्ड, त्यावर पेपरवेट.

"ही भाषा कोन्ती?" त्यांनी विचारलं.

"मराठीच आहे, साहेब," मी म्हणालो. "फक्त एक घर पुढं सरकली आहे."

त्यांनी पुष्कळ विचार केला. जमाना खराब आहे, रोज पेपरात काय काय येऊन राहिलं, वरून कोणी विचारलं तर उत्तर द्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. माझी काहीच हरकत नाही, लिहा गुप्त, फक्त दर कार्डासोबत साध्या मराठीतला तर्जुमा जोडत जा. "फक्त ऑफिसच्या माहितीसाठी. खाजगी ठेवू." मी हात जोडून कार्ड घेतलं आणि घरी आलो.

तिसरं कार्ड भिवाजीने हसत हसत आणलं. कार्डावर प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने, सुबक अक्षरात, पूर्ण मजकूर उलगडून लिहिलेला होता.

"म्हटलं मास्तरले कायले तरास," भिवाजी म्हणाला. "लय सोपं हाये जी. वरतं एक अक्षर, 'ष्ली'. त्याच्या खालतं चार टिंबं, 'हा. प. शि. शि.' आता वीस वरस झाले मी कार्डं वाटून राहिलो. वरतं एकटं अक्षर असन तं ते 'श्री'च राह्यते. अन् खालतं चार अक्षरं, शेवटचे दोन सारखे, ते 'सा. न. वि. वि.' नाई तं काय? तेवढे सापडले का बाकीचं गाडं आपोआप चालते. पत्रिका जुळली म्हणते बरं का. छत्तीसपैकी सव्वीस!"

मी प्रभाकरला वैतागून विचारलं, अरे गुप्त पत्राला 'सा. न. वि. वि.' कशाला? तर तो दुखावला. म्हणाला, "बहिणीच्या नवऱ्याले साष्टांग नमस्कार न करता पत्र लिहू का मी? गुप्त झालं म्हणून काय रीत सोडून देऊ?" उद्या त्याने नमस्कार गाळला असता तर सरलानेच घर डोक्यावर घेतलं असतं. त्या रोमन सेनापतीला मेव्हणे नसावेत.

इथे कमी ताकदीच्या माणसाने पुस्तक मिटलं असतं. मी शेवटचं प्रकरण उघडलं. त्यात म्हटलं होतं की उत्तम गुपित ते, जे गुपित आहे हेच कोणाला कळत नाही. आणि किल्ली नेहमी बदलती ठेवावी. ही दोन सूत्रं एकत्र करून मी जी पद्धत रचली, तिचा मला आजही अभिमान आहे.

कार्ड साध्या मराठीत लिहायचं. 'सा. न. वि. वि.' हवं तितकं. मजकूर संत्र्यांचा. कार्तिकात सौसरहून संत्र्यांबद्दल पत्र आलं तर कोण लक्ष देणार? फक्त पेट्यांचा आकडा म्हणजे पाहुणे येण्याची तारीख. तीही उघडी नाही. तारखेत चालू मराठी महिन्याचा क्रमांक मिळवायचा. चैत्राचा एक, वैशाखाचे दोन, असे मोजत कार्तिकाचे आठ. मी इकडे तेवढे वजा करणार. महिना पालटला की किल्ली आपोआप पालटणार. भिवाजीने कपाळ फोडून घेतलं तरी हाती लागायचं नाही. भाऊबीजेला प्रभाकर सरलाकडे ओवाळून घ्यायला आला, तेव्हा मी त्याला माजघरात नेऊन किल्ली दिली. या खेपेला बससुद्धा पकडावी लागली नाही.

छाया दारातच तांदूळ निवडायला बसली होती. तिने मान वर केली नाही. सबंध प्रकरणात तिला मी काही सांगितलं नव्हतं. दोनदा मोडलेलं मन, तिसऱ्यांदा आशा कशाला लावा, असा माझा विचार.

लगेच दोन चाचणी कार्डं झाली. दोन्ही अचूक उतरली. एकवीस पेट्या म्हणजे तेरा तारीख, बावीस म्हणजे चौदा. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली. मग बुधवारी खरं कार्ड आलं. मंगळवारी, अठरा नोव्हेंबरला, लिहिलेलं. 'एकतीस पेट्या संत्री घेऊन येतो. तयारी ठेवा.' कार्तिक चालू. एकतीस वजा आठ, तेवीस. तेवीसला रविवार. पाहुणे रविवारी येणार! भिवाजीने कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाही संशय नव्हता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात निर्मळ विजय होता.

संशय नव्हता, पण भूक होती. मास्तरकडे एकतीस पेट्या संत्री येणार ही बातमी संध्याकाळपर्यंत स्टेशनपलीकडे गेली. दिलीपने तीन डझन सांगून ठेवले. पंचफुलाबाईंनी लिंबू-मिरची काढली आणि पिशव्या धुवून वाळत घातल्या. आणि गुरुवारी शाळेत मुख्याध्यापक केशवरावांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. सरकारी नोकर असून परवानगीवाचून फळांचा व्यापार.

मी लेखी उत्तर दिलं: 'सदर संत्री अस्तित्वात नाहीत.'

केशवरावांनी चष्मा पुसला. "नाहीत म्हणता, त्याचा पुरावा जोडा."

"जी वस्तू नाही, तिचा पुरावा कोण देणार, सर?"

"पटवाऱ्याचा दाखला चालते," ते म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "अन् आलेच तर दोन पेट्या घरी पाठवून द्या. घरगुती मामला आहे."

खरं सांगितलं असतं तर नोटीस तिथेच फाटली असती. पण खरं सांगायचं म्हणजे पाहुणे येण्याची तारीख सांगायची. मी नोटीस घडी करून खिशात घातली. छायासाठी मी पटवाऱ्यासमोरही उभा राहायला तयार होतो.

शनिवारी मी रजा काढली. समोरची खोली दिवाळीला रंगवायची राहून गेली होती, कारण दिवाळीत मी पुस्तक वाचत होतो. रविवारच्या आत चुना मारून घ्यायचा होता. खोलीतलं सगळं सामान गल्लीत काढलं. लाकडी पलंग, कपाट, देवांच्या तसबिरी, एक पाय मोडलेली खुर्ची. मी बनियनवर. छाया डोक्याला टॉवेल गुंडाळून स्टुलावर उभी, हातात कुंचा. सरला दळणाला गेलेली. दुपारचे दोन वाजले असतील.

गल्लीच्या तोंडाशी एक मेटॅडोर येऊन थांबली. मागच्या बाजूला कपाशीची वाळकी पराटी, कोंडा आणि संत्र्याचा वास. कोणीतरी ओरडलं, "आले, आले! सौसरचे संत्रे आले!" आणि पाच मिनिटांत सगळी गल्ली पिशव्या घेऊन गाडीला भिडली.

गाडीतून प्रभाकर उतरला. त्याच्या मागून फेटा बांधलेले एक भारदस्त गृहस्थ, एक बाई आणि एक सडपातळ तरुण. बाईंच्या हातात एकच पेटी होती. माझ्या हातातली चुन्याची बादली तिथल्या तिथे जड झाली. ते बोरगावचे रघुनाथराव होते, त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई होत्या, आणि तो मुलगा मुकुंद होता. मंडीत माल उतरवून ते सरळ आमच्याकडे आले होते. शनिवारी. एक दिवस आधी.

"चार मानसं अन् एकच पेटी?" पंचफुलाबाई गाडीत डोकावून म्हणाल्या. "बाकीच्या तीस कुठं हायेत?"

रघुनाथरावांना काही कळेना. दिलीपने त्यांच्या हातात पैसे कोंबायला सुरुवात केली. कोणीतरी म्हणालं, मास्तरांचं एकतीस पेट्यांचं ठरलंय. रघुनाथरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे बनियनकडे, पाहिलं. "मास्तर, पोरगी पाह्याले आलो आमी. तुम्ही तं गावभर सांगून ठेवलं का पाहुणे एकतीस पेट्या घेऊन येऊन राहिले? हे काय देणंघेणं चालवलं तुम्ही? चाल मुकुंद. चाला जी."

त्यांनी गाडीच्या फळीवर पाय ठेवला. महिनाभर ज्या माणसाने शब्द लपवण्याचा अभ्यास केला, त्याला ऐन वेळी एक साधा शब्द सापडेना. तिसरं स्थळ डोळ्यांदेखत चाललं होतं आणि या वेळी गल्लीचा दोष नव्हता. माझा होता. हे मी त्या क्षणापुरतं मान्य केलं.

तेवढ्यात खोलीतून हसण्याचा आवाज आला. आधी दबलेला, मग मोकळा. थेट तिसऱ्या घरी ऐकू जाईल असा. छाया दारात आली. डोक्याला टॉवेल, नाकावर चुना, हातात कुंचा.

"काका, थांबा जी," ती म्हणाली. "संत्रे नाहीच आहेत. एकतीस पेट्या म्हणजे तुमची यायची तारीख. दादानं गुप्तलिपी बनवली, गल्लीले कळू नये म्हणून." आणि तिने भर गल्लीत, पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या गल्लीसमोर, माझं सगळं शास्त्र दोन मिनिटांत उघडं करून मांडलं. अक्षरं कशी सरकवली, नमस्कार कसा नडला, किल्ली कुठली. एकही पायरी चुकली नाही.

"तुले कोनं सांगतलं?" माझ्या तोंडून निघालं.

"सांगाले कायले लागते? तुझी वही टेबलावरच राह्यते. पहिल्या कार्डापासून वाचून राहिली मी." मग ती हसायची थांबली. "दादा, माझ्याबद्दलचं पत्र. गल्लीपासून लपवलं ते समजलं मले. पण माझ्यापासूनही?"

मी खाली पाहिलं. बादलीत चुना होता. तिला काय वाटतं हे विचारायचं मला खरोखरच सुचलं नव्हतं. पुस्तकाच्या त्या नसलेल्या चौदा पानांत ते असेल असंही वाटत नाही.

"पण तारीख चुकली कशी?" हा आवाज मुकुंदचा. तो पुढे आला होता आणि बोटांवर मोजत होता. "बावीसले यायचं ठरलं. एकतीस लिहिले, मतलब नऊ मिळवले. तुम्ही किती वजा केले?"

"आठ," छाया म्हणाली. "कार्तिकाचे आठ."

"भाऊजी, पत्र कुठं बसून लिहिलं?" त्याने प्रभाकरला विचारलं.

"ऑफिसात. टेबलाच्या काचेखाली कॅलेंडर आहे नं, त्यात पाहून."

"ते हिंदी कॅलेंडर!" दोघं एकाच वेळी म्हणाले. मुकुंद आणि छाया.

झालं होतं ते असं. आपला महिना अमावास्येला संपतो, हिंदी लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, म्हणून चाचणी कार्डं बरोबर उतरली. पौर्णिमा झाली, आणि आमचा कार्तिक वद्य तोच प्रभाकरच्या काचेखाली मार्गशीर्ष झाला. आठाचे नऊ झाले. आमच्या तालुक्यात भिंतीवर मराठी पंचांग आणि टेबलावर हिंदी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं. म्हणून म्हणतो, दोष गुप्तलिपीत नव्हता. फार तर चंद्रात होता.

मुकुंद हसायला लागला. त्याचंही हसणं काही कमी नव्हतं. छाया पुन्हा सुटली. प्रेमलताबाईंनी नवऱ्याचा पाय फळीवरून खाली घ्यायला लावला. गल्लीतल्याच पलंगावर, गल्लीतल्याच लोकांनी पाण्याचे तांबे आणून, पाहण्याचा कार्यक्रम पार पडला. ती एक पेटी पंचफुलाबाईंनी फोडली आणि घरटी दोन संत्री वाटली. एक केशवरावांकडेही गेलं, पटवाऱ्याच्या दाखल्याऐवजी.

उठताना रघुनाथराव म्हणाले, "विचार करून पत्रानं कळवतो, मास्तर."

"पत्र माझ्या नावानं पाठवा," छाया म्हणाली. लग्नाचं उत्तर मुलीच्या नावाने आलेलं आमच्याकडे कोणी ऐकलं नव्हतं. रघुनाथराव माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. खरं तर तेवढंच एक काम त्या दिवशी मी नीट केलं.

"मी लिहीन," मुकुंद म्हणाला.

आठव्या दिवशी कार्ड आलं. भिवाजीने ओरडून वाचलं: 'बोरगावच्या विहिरीचं काम सुरू आहे. सत्तावीस फुटांवर ओल लागली. पाच हात दोर लागेल. कळावे.' छायाने ते तिथेच उभ्या उभ्या वाचलं, कानापर्यंत लाल झाली आणि आत गेली. संध्याकाळी तिने मला सांगितलं, होकार आहे, आणि तिचाही आहे. बाकी कार्डात काय होतं ते तिने सांगितलं नाही. मग दर आठवड्याला कार्ड येऊ लागलं. विहीर, पाइप, टाकी, व्हॉल्व्ह.

मी वही काढली. मूलतत्त्वं मला पाठ होती. महिन्याचे क्रमांक वजा केले, तिथीचे केले, आमचे केले, हिंदी लोकांचे केले. दोन रविवार घातले. काही उतरेना. भिवाजीलासुद्धा विचारलं, लाज सोडून. त्याने डोकं खाजवलं. "नाई जी मास्तर, हे पक्कं हाये. याच्यात नमस्कारच नाई."

शेवटी मी छायालाच विचारलं. ती वह्या तपासत होती.

"दादा," ती म्हणाली, "किल्ली फक्त दोघांत ठेवा लागते. लाल शाईनं लिहिलं आहे तुझ्या वहीत."

मला थोडं लागलं. मग बरं वाटलं. मग परत लागलं. सत्तावीस वर्षं त्या पोरीची पत्रिका, केस, हसणं, सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आता पहिल्यांदा तिचं स्वतःचं असं काहीतरी होतं, आणि ते माझ्याच शास्त्राने तिला मिळालं होतं.

पंचफुलाबाई ओसरीवर येऊन बसल्या होत्या. "काय लिवते जी पोरगा? चार कार्डं झाले. काईतरी असन नं आत. तुम्ही एवढे हुशार, तुमाले तं कळलंच असन."

ताजं कार्ड छायाच्या वहीतून बाहेर डोकावत होतं. मी ते बोटाने आत सारलं, वही मिटली आणि ओसरीवर आलो.

"हो, कळलं," मी म्हणालो. "विहिरीले पाणी चांगलं लागलं म्हणतो."